'सेन्सेशनल'ला साक्षीदार हवा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (साष्टांग मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला यांपैकी निदान एकाला तरी उतार पडला असेल, अशी आशा आहे. आम्ही ठीक आहोत. फारच ठीक आहोत, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

तुला ठाऊकच आहे, कोशाच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहितोय. आमचा एक जाचक नियम आहे : जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याखेरीज कुठलाही अर्थ छापायचा नाही. कोण, कुणाबद्दल, कधी बोललं ते चिठ्ठीवर लिहायचं; मग साहेब त्या माणसाला फोन करून उलटतपासणी घेतात. सध्या माझ्या वाट्याला 'सेन्सेशनल' आलाय. पहिला अर्थ खळबळजनक, धक्कादायक. त्याच्या चिठ्ठ्यांना तोटा नाही. हल्ली चोराने जाताना दार लोटून घेतलं तरी बातमी देणारे 'सेन्सेशनल' म्हणून ओरडतात. दुसरा अर्थ कौतुकाचा : बघणाऱ्याचं भान हरपावं इतकं झकास. तो मात्र कुणी बोलेना. शनिवारपर्यंत चिठ्ठी नाही मिळाली, तर माझं टेबल दुसऱ्याला आणि मी बांधणी विभागात, पुठ्ठ्यांना खळ लावायला.

मग म्हटलं, आपणच काहीतरी झकास करावं. मिशी काढली. तिसऱ्या दिवशी तुझी भावजय म्हणाली, "सर्दी झालीय का? चेहरा उतरलाय." रविवारी सगळा स्वयंपाक एकट्याने केला. लेक जेवली आणि "चालेल" म्हणाली (याच्या चिठ्ठ्या हव्यात का कुणाला? पोतंभर आहेत). शेवटी शेजारचे निवृत्त पोस्टमन दिवा बदलताना शिडीवरून घसरले आणि सत्तराव्या वर्षी थेट दोन्ही पायांवर उभे राहिले. मी चिठ्ठी-पेन्सिल घेऊन धावलो आणि विचारलं, एका शब्दात सांगा, कसं झालं? ते एकच शब्द बोलले. तो आमच्या कोशात आहे, पण त्या चिठ्ठीवर साहेब सही करत नाहीत. तेव्हापासून मला बघून जिन्यातली माणसं बोलायची थांबतात.

ताई, खरं सांगतो, वाईट वाटलं. शब्दासाठी नव्हे. आजवर आपल्याबद्दल कुणी भान हरपून काही बोललेलं नाही, हे चिठ्ठ्या शोधतानाच कळलं.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : मुख्य म्हणजे, तुझ्या नावावर चिठ्ठी भरून दिली आहे. वाक्य असं : "माझा धाकटा भाऊ म्हणजे सेन्सेशनल माणूस!" शुक्रवारी अकराला साहेबांचा फोन येईल. फक्त 'हो' म्हण, आणि हसू नकोस.

ता. क. २ : वन्सं, हे माझं अक्षर. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून दोन ओळी. साहेबांना खुशाल खरं सांगा. बांधणी विभाग साडेपाचला सुटतो. सत्तावीस वर्षांत हे एकदाही दिवस असताना घरी आलेले नाहीत. आले, तर यांना हवा तो शब्द मीच म्हणेन.