शेपटीतली चरबी

३ एप्रिल
आज कामावर रुजू झाले. कारागांदी शहराबाहेरचं हे संशोधन केंद्र पाहून फार बरं वाटलं. गोठा उबदार, मेंढ्या धष्टपुष्ट. रक्तातली चरबी उतरवणारं नवं औषध त्यांना पाजायचं, जाळीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि मूत, लेंड्या वेगवेगळ्या बरण्यांत धरायच्या. आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते डॉक्टर साइलाउ तपासतात. लाल ठिपक्याच्या मेंढ्यांना औषध, निळ्या ठिपक्याच्यांना नुसतं पाणी.

माझा नवरा, तोक्तार, अशाच चरबीनं नस तुंबून गेला. त्याची वाटी अजून मी चहाला मांडते. हे औषध तेव्हा असतं तर!

डॉक्टर हसून म्हणाले, राबिगा आपा, मेंढ्या तुमचं बरं ऐकतात, माझी बायको माझं ऐकत नाही.

१९ एप्रिल
औषध आत जातं, पण बाहेर येत नाही. दोन लाल मेंढ्या कापून पाहिल्या. सगळं काळजात आणि या मेंढ्यांच्या जाडजूड शेपटीतल्या चरबीत साठलेलं. उरलेल्यांची लोकर हातात येते. डोळे दुधासारखे झालेत. भिंतीला डोकं लावून उभ्या राहतात. डॉक्टर म्हणतात, मेंढीत राहतं, माणसात राहील का, कोण सांगणार?

२७ एप्रिल
माझ्या लेकीची, अक्मारलची सोयरीक जमली! व्याह्यांना काळीज आणि शेपटीची चरबी खिलवल्याशिवाय ती पक्की होत नाही. मेंढी डॉक्टरांनीच देऊ केली. नुसतं पाणी प्यायलेली आहे, आपा, बिनघोर कापा, म्हणाले. जेवायला कोण कोण, कुणाचं वय काय, हेही आपुलकीनं विचारलं. दीर तिथूनच कापून घेऊन आला.

१ मे
जेवण झालं. मी वाढण्यातच होते, खायचं राहिलं. व्याही बुलात यांनी चरबीचा मोठा घास आपल्या हातानं अक्मारलच्या तोंडात भरला. तिला चरबी आवडत नाही, पण मोठ्यांच्या हातचा घास नाकारायचा नसतो. गिळ गं सूनबाई, नाहीतर नवरा परत नेतो तुझा, म्हणाले. सगळे हसले. तिनं गिळला.

मेंढीचं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवलं. डोळे पांढरे होते. शिजल्यावर होतातच.

१२ मे
गोठ्यात निळ्या ठिपक्याच्या सगळ्या मेंढ्या आहेत. एकही कमी नाही. आधी कापलेल्या दोन सोडल्या तरी लाल एक कमी.

डॉक्टरांना विचारलं. कुणी किती खाल्लं तेवढं सांगा, म्हणाले.

२० मे
विहिणीचा निरोप आला. बुलात यांना दिसेनासं झालंय. अक्मारलच्या फणीत केसांचा पुंजका — मी चुलीत टाकला. तिला बोलले नाही. तोक्तार, मी काय करून बसले —

२६ मे
डॉक्टरांनी गोठ्यातला एक पिंजरा उंच करून घेतलाय. माणूस उभं राहील एवढा.

२८ मे
अक्मारल सकाळपासून भिंतीला डोकं लावून — हाक मारली की मान वळवते. डोळे —

दारात डॉक्टर आलेत. बरण्या घेऊन. म्हणतात, आपा, तिला तुम्हीच आणा. ती तुमचं ऐक—