एकशेचाळीस काळे टाके

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. अठ्ठावीस वर्षं आपण बहिणी एका छपराखाली राहिलो. तू पुढच्या खोलीत सुया घेऊन, मी मागच्या खोलीत मागावर. मागाची खटखट थांबली की तू तिथूनच ओरडायचीस, "काय गं सुमे, दोरा तुटला व्हय?" आता कितीही वेळ माग थांबला तरी कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आणि रविवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. पाहुणे यायच्या आत हे तुझ्या कानावर घातलंच पाहिजे. आक्का, मला किळस आली आहे! तुझ्या सुनेची आली आहे, तुझ्या लेकाची आली आहे, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त माझी मलाच आली आहे. काल दुपारी शिरोळहून आले तेव्हापासून घास गिळवत नाही.

किळस म्हटलं की तू हसणारच. माझी किळस हा तुझा करमणुकीचा विषय होता ना! लोकर संपली की तू जुन्या दोऱ्याचं टोक आणि नव्याचं टोक उसवायचीस, दोन्ही तळहातावर ठेवायचीस आणि सरळ त्यावर थुंकायचीस. मग खसाखसा चोळलं की गाठ न मारता दोरा अखंड. मी तोंड फिरवायचे. "अगं आक्का, लहान बाळाच्या अंगावर जाणार ते!" तर तू म्हणायचीस, "धुऊन देतो की. गाठ टोचंल बाळाला, थुकी न्हाय टोचत." आणि वर पुन्हा मला सांगायचीस, की खरी लोकर असली तरच थुंकीनं जुळते, नकली लोकर सात जन्म चोळली तरी जुळायची नाही.

तेव्हा मला मळमळायचं. आता कशानं मळमळतं ते ऐक.

तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी चौकात तुझा फलक लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली गल्लीतल्या सगळ्या पोरांचे फोटो, गॉगल घालून. ते एक असो, आपल्याकडं त्याशिवाय माणूस गेलं असं कोणाला वाटतच नाही. पण त्या फलकावरचा तुझा फोटो तुझ्या सुनेनं, पल्लवीनं, जपून ठेवला. दिवाळीनंतर तो एका पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर छापून आला. गळ्यातला हार तेवढा कापला होता. खाली लिहिलं होतं, 'आक्काच्या हातची ऊब'.

तुझ्या मयताचा फोटो गं! स्वेटरच्या गळ्याला सुतळीनं बांधायला!

मी विचारलं, "पल्लवी, आक्का तर गेली. हात कोणाचा?"

"मावशी, ब्रँड असतोय तो," ती म्हणाली. "माणूस गेलं तरी ब्रँड जात न्हाय."

मी गप्प बसले. गप्प का बसले ते पुढं सांगते, कारण त्यात तुझाही वाटा आहे.

आधी त्या काळ्या टाक्याचं. तू विणलेल्या बाळाच्या प्रत्येक स्वेटरमध्ये, आतल्या बाजूला, खालच्या पट्टीच्या दुमडीत, डाव्या अंगाला तू काळ्या लोकरीचा एक टाका घालायचीस. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात तसा. कोणाला दाखवायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. घेणाऱ्या बायकांना ठाऊक असायचा, त्या घरी जाऊन गुपचूप उलटून बघायच्या. तो घालताना तू बोलायची नाहीस. मी मध्येच काही विचारलं तर नुसता हात वर करायचीस.

आणि मी काय केलं ठाऊक आहे? पल्लवी एके दिवशी मोबाईल घेऊन आली. "मावशी, आक्कांविषयी काहीतरी बोला की, लोकांना लई आवडंल." मला भरून आलं. कोणीतरी तुझ्याविषयी विचारतंय एवढ्यानंच मी पाघळले. सगळं सांगितलं. स्वेटर उलटा करून, दुमड उघडून, काळा टाका बोटानं दाखवला. तू जन्मभर झाकून ठेवलेली गोष्ट मी कौतुकाच्या भरात चव्हाट्यावर मांडली.

हजारो लोकांनी बघितलं म्हणे. मला अभिमान वाटला! लाज वाटायला हवी होती.

पंधरा दिवसांनी घरात खोकी आली. उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यातले बाळांचे स्वेटर, गुलाबी आणि निळे, प्रत्येक स्वेटर कचकड्यासारख्या चकचकीत पिशवीत. पिशवी उघडली की रॉकेलसारखा वास यायचा. हात लावला तर बोटाला खरखर. पल्लवीनं माझ्यासमोर सुई आणि काळ्या लोकरीची गुंडी ठेवली. तुझ्याच डब्यातली गुंडी, आक्का.

"प्रत्येकात एक टाका घालायचा, बास," ती म्हणाली.

"हे मशीनचं आहे पल्लवी."

"तुमचा हात लागला की झालं हातानं केलेलं! आणि आक्कांचा टाका तुमच्याशिवाय कोणाला जमतोय?" मग जाता जाता दारात वळून म्हणाली, "ही मागची खोली आता पार्सलला लागणार हाय. बघू, दोन्ही बसतंय का. माग लई जागा खातोय."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मी सुई उचलली.

चार दिवस माग बंद ठेवून मी एकशेचाळीस स्वेटरांना काळे टाके घातले. सकाळी नळाचं पाणी भरून झालं की बसायचं, स्वयंपाकाला उठायचं, पुन्हा बसायचं. दोरा सुईत जाईना की टोक तोंडात घालून ओलं करायचं. तोंडात ती काळी लोकर आली की मला उमळून यायचं. तुझी थुंकी मला घाण वाटायची, आक्का. त्या चार दिवसांत मला माझीच थुंकी घाण वाटली. आणि तुझ्यासारखं गप्प राहून टाका घालायचा तर दूरच, शेवटी शेवटी तर मी टीव्ही लावून बसले होते.

तुला पल्लवीचा राग येऊ नये म्हणून हेही लिहिते. शेवटचे दोन महिने तुझं सगळं तिनं केलं. तुझं अंग पुसलं, तुझी चादर बदलली, नाक मुरडलं नाही. मी तर तेव्हाही दारात उभी राहायचे, वास सहन व्हायचा नाही म्हणून. हे मी विसरलेली नाही. पण म्हणून ती जे करते आहे ते गोड होत नाही.

मग गेल्या आठवड्यात शिरोळच्या इंदूवहिनी आल्या. आठवतात ना? ऊसवाल्यांच्या, मोठ्या आवाजाच्या. दोन्ही मुलांचे स्वेटर तुझ्याकडून नेलेल्या. पुरात त्यांची ट्रंक तीन दिवस पाण्यात होती, सगळे कपडे कुजले, पण तुझा स्वेटर गाळातून काढून धुतला आणि पुतण्याला घातला, ती गोष्ट सगळ्या गल्लीला सांगणाऱ्या. आता त्यांना नात झाली आहे. बारशाला आक्कांच्या हातचं पाहिजे म्हणून थेट घरी आल्या. तू गेल्याचं कळलं तेव्हा आपल्या उंबऱ्यावर बसून रडल्या.

पल्लवीनं पाणी दिलं, गुलाबी स्वेटर पुढं केला. "आक्कांनी जायच्या आधी करून ठेवलेले हायत, वहिनी. थोडेच राहिलेत."

जायच्या आधी करून ठेवलेले! शेवटच्या वर्षात तुला चमचा धरवत नव्हता, आक्का!

इंदूवहिनींनी स्वेटर हातात घेतला. उलटा केला. पट्टीची दुमड उघडली, काळ्या टाक्यावर बोट ठेवलं आणि स्वेटर डोळ्यांजवळ धरून निरखला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी पदरानं खुर्चीवरची नसलेली धूळ झटकत होते. मग त्या स्वेटर घेऊन गेल्या.

मी का बोलले नाही? मागाची खोली जाईल म्हणून. बास, एवढंच कारण आहे, त्याला दुसरं नाव देऊ नये.

आणि आता तुझा वाटा. रागावू नकोस, पण मेलेल्या माणसाला खरं सांगितलं तर ते भांडायला तरी येत नाही. मी या घरात आले तेव्हा कुंकू पुसून आले होते. तू मला जागा दिलीस, माग घालू दिलास, सगळं दिलंस. पण माझ्या मागावरच्या शाली कोणाच्या नावानं गेल्या? 'आक्कांच्या शाली'. बाई विचारायची, "ही पण तुम्हीच केली का?" तू हसून म्हणायचीस, "घरचंच हाय की!" मी आत कांडी भरत ऐकायचे. एकदा मी बोलले, तर म्हणालीस, "तुझं माझं काय करायलीस सुमे? घरात वाद नको." मी गप्प बसले. मग बसतच गेले. गप्प बसायची सवय मला पल्लवीनं नाही लावली गं.

किती क्षुल्लक गोष्ट होती! "ही सुमननं विणली," एवढं म्हणायला तुझं काय जात होतं?

असो. काल सकाळी मी शिरोळची एसटी धरली. पल्लवीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडं जाते. बघ, खरं सांगायला निघाले तेही खोटं बोलून! वाटेत तीनदा वाटलं, जयसिंगपूरला उतरावं आणि परत फिरावं.

इंदूवहिनींच्या सोप्यात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याएवढी. बाळंतीण आतल्या खोलीत होती, शेकाचा धूर येत होता. मी चहाला नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो स्वेटर आक्काचा नाही. कारखान्यातला आहे. टाका मी घातलाय, मागाहून, टीव्ही बघत.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "हात लावला तवाच कळलं. ऱ्हायली गोष्ट आक्कांची, त्यांची वीण मी आंधळी झाले तरी वळखीन."

"मग घेतला का?"

"तुमी काय बोलताय काय, म्हणून तुमच्या तोंडाकडं बघत हुतो," वहिनी म्हणाल्या. "तुमी खुर्ची पुसत बसला. मग काय करू? मयताच्या घरात भांडू?"

आक्का, कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं! मी खाली बसले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आतून स्वेटर आणला, माझ्या मांडीवर ठेवला. बाळाच्या अंगाला एकदाही लावला नव्हता.

मी म्हटलं, "आक्काच्या नावानं एक खरा करून देते तुम्हाला."

"आक्कांच्या नावानं नको आता," त्या म्हणाल्या. "गेल्या त्या. किती वापरायचं त्यास्नी? तुमच्या नावानं द्या. वाकडा झाला तरी चालंल."

वाकडाच होणार आहे. मला सुया कुठं जमतात? माझी एक बाही नेहमी लांब होते, तू उसवून द्यायचीस. पण एसटीत येताना मी ठरवलं, वीण नाही जमली तर मागावर बारकं कापड विणेन, त्याचं अंगडं शिवेन. बाळाला कुठं कळतंय!

घरी आले तर दारात खोक्यांची नवी थप्पी उभी होती. पल्लवी म्हणाली, "मावशी, दात काढला का?" मी म्हटलं, "काढला." आणि आत गेले.

जुन्या खोक्यात सदतीस स्वेटर उरले होते. त्यातले टाके आज सकाळपासून उसवते आहे. पल्लवीनं बघितलं, पहिल्यांदा हसली, मग ओरडली, मग नवऱ्याला, तुझ्या अमोलला, फोन लावला. अमोल म्हणाला, "मावशी, आता काय बोलू नका, आईचं वर्षश्राद्ध होऊ दे निवांत." म्हणजे तुझ्याच नावानं मला पुन्हा गप्प करायचं! त्या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. फोन ठेवला आणि मी हात धुऊन आले, साबण लावून, दोनदा.

तर आक्का, तुला वचन देते. रविवारी पानं मांडली की सगळे बसायच्या आधी मी उभी राहून सांगणार. तुझा शेवटचा स्वेटर दोन वर्षांपूर्वी झाला, त्यानंतरचा एकही तुझा नाही. उरलेल्या एकशेदोन घरांपैकी जी मला सापडतील तिथं जाऊन हेच सांगणार. काही बायका शिव्या घालतील. घालू देत. काहींना ठाऊकच असेल आणि त्याही माझ्या तोंडाकडं बघत बसल्या असतील.

तू असतीस तर म्हणाली असतीस, सुमे, घरात वाद नको. होणार आहे वाद, आक्का. मोठा होणार आहे. माझा माग न्यायला मीच सोमवारी सकाळचा टेम्पो सांगून ठेवला आहे.

तुझी धाकटी बहीण,
सुमन, विणकर