अक्काचा गट कोणता?

मंचर, ६ जानेवारी २००८

चि. राजरत्न यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तू हसत सुटतोस आणि मुद्दा तसाच राहतो, म्हणून हे पत्र. नीट बसून वाच.

शालेय प्रशासनाच्या ज्या पदविकेवर माझी मुख्याध्यापकपदाची नेमणूक अवलंबून आहे, तिचे वर्ग इंटरनेटवरून चालतात हे तुला ठाऊक आहे. प्रवेश घेताच संगणकाने मला प्रश्न विचारले. अनोळखी ठिकाणी गेल्यावर नकाशा पाहता की कुणाला विचारता? विचारते, असे मी खरे उत्तर दिले. आळेफाट्यावर नकाशा उघडून कोण उभे राहते? अशा उत्तरांवरून त्या यंत्राने मला ‘श्राव्य अध्ययनार्थी’ ठरवले. म्हणजे मी कानाने शिकणारी. परिणामी मला छापील पाठ मिळत नाहीत, केवळ ध्वनिमुद्रित व्याख्याने मिळतात. जिच्या वह्या आमच्या विद्यालयात नमुना म्हणून फिरतात, तिने आता डोळे बाजूला ठेवायचे.

अर्थात मी ते मानलेले नाही. बसस्थानकासमोर नौशादभाईंचा कॅफे आहे. तिथे बसून मी व्याख्यान वाक्यावाक्याला थांबवते आणि शब्दशः उतरवून घेते. नौशादभाईंनी सुचवले, की बाई, हेडफोन लावा, डोळे मिटा, झोप लागली तर मी उठवतो. त्यांच्याशी मी बोलणे सोडले आहे.

आता कटू बातमी. पहिल्या चाचणीत मी अनुत्तीर्ण झाले. मी. दुसरी संधी फेब्रुवारीअखेर आहे. तीही गेली तर माझे नाव कमी होईल, आणि ती खुर्ची माझ्यानंतर लागलेल्या, ‘विद्यार्थी’तला ‘थी’ ऱ्हस्व काढणाऱ्या गृहस्थांकडे जाईल. आपल्या वस्तीतून आजवर त्या खुर्चीवर कुणी बसलेले नाही, हे तुला वेगळे सांगायला नको. गट बदलून मिळावा असा अर्ज मी संयोजकांकडे केला आहे. आईला यातले काही कळता कामा नये.

लोभ आहेच. थट्टा आवर.
तुझी अक्का,
कल्याणी


पिंपळवंडी, १३ जानेवारी २००८

ती. अक्का हिस,
राजरत्नचा जयभीम.

पत्र पोचलं. हसलो नाही. थोडा हसलो. आईला कळू द्यायचं नव्हतं, पण मला मोठ्यानं वाचायची खोड आहे आणि ती समोरच मेथी निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, की कल्याणी नापास कशी व्हईल, मास्तर लबाड असंल.

रागावू नको, पण एक सांगतो. तू वह्या लिहून शिकलीस, हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि ते खरं नाही. वह्या तू नंतर लिहायचीस, लाल रेघा मारून, सुंदर. त्याच्या आधी काय चालायचं ते मी बघितलंय. आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि तू उंबऱ्यात उभी राहून तिला धडा सांगायचीस. ती शाळेत गेली नाही, पण ऐकायची लई बारकाईनं. मधेच तिचं ठरलेलं यायचं, न्हाय कळलं. मग तू चिडायचीस, पाय आपटायचीस आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचीस. शेवटी ती म्हणायची, मंग असं सांग की आधी. तो धडा तू पुन्हा कधी विसरली नाहीस.

तेव्हा तू डोळ्याची नाहीस आणि कानाचीही नाहीस. तू तोंडाची आहेस, हे पिंपळवंडीत कुणालाही विचार. ये आणि आईला तुझं प्रशासन सांग.

राग उतरला की लोभ असू दे.
तुझा,
राजरत्न


मंचर, २० जानेवारी २००८

चि. राजरत्न यास,
जयभीम वि. वि.

तुझे पत्र शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. ‘तोंडाची’ या शब्दाकडे मी दुर्लक्ष केले आहे.

आईला ‘निलंबनपूर्व चौकशी’ म्हणजे काय कळणार? या वयात तिला तो त्रास का द्यायचा? आणि पंचवीस वर्षे शिकवलेल्या बाईने पुन्हा उंबऱ्यात उभे राहून धडे म्हणायचे, ही कल्पनाच मला अपमानकारक वाटते.

संयोजकांचे उत्तर आले. गट शास्त्रीय कसोटीवर ठरतो, तो बदलता येत नाही, अध्ययनार्थ्याने आपल्या शैलीवर विश्वास ठेवावा. दोन ओळींच्या या पत्रात माझे नाव ‘कल्यानी’ असे छापले आहे. ही माणसे मला शिकवणार.

येत्या रविवारी येत आहे. आईचे डोळे डॉक्टरांना दाखवायचे आहेत, कारण तेवढेच. अन्य अर्थ काढू नयेस.

आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.
कल्याणी


पिंपळवंडी, १२ फेब्रुवारी २००८

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम.

तू सलग तीन रविवार आलीस, पण आईचे डोळे अजून डॉक्टरांनी पाहिलेले नाहीत. मी काही म्हणत नाही.

पण पहिल्या रविवारचं विसरणार नाही. तू कागदातलं निलंबन वाचून दाखवलंस. आई म्हणाली, न्हाय कळलं. तू कागद आपटून गोठ्याकडं गेलीस. बऱ्याच वेळानं परत आलीस आणि म्हणालीस, आई, माणसाला काढून टाकायचं नाही, पण कामावरही येऊ द्यायचं नाही, चौकशी होईपर्यंत अर्धी भाकर चालू ठेवायची. आई म्हणाली, मंग असं सांग की आधी. त्यावर तू जो चेहरा केलास तो मी जपून ठेवलाय.

परवाच्या त्या तुझ्या अभ्यासातल्या सरावाच्या प्रकरणानं मात्र घरात आग लावलीय. ते श्री. अ नावाचे मास्तर, ज्यांनी तापलेल्या पोराला दवाखान्यात नेलं आणि कोठीची किल्ली खिशातच राहिली, म्हणून शाळेत खिचडी शिजली नाही आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले, आणि मास्तर निलंबित झाले. आई म्हणते, त्या बिचाऱ्याला कुणी इचारलं का, पोरगं जगलं का ते? शेजारच्या लंकाबाईला तिनं सगळं सांगितलं. लंकाबाई म्हणते, त्या मास्तरला ती ओळखते.

परीक्षेला शुभेच्छा. लोभ आमच्याकडून चालूच आहे.
राजरत्न


मंचर, ९ मार्च २००८

चि. राजरत्न यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

उत्तीर्ण झाले. प्रथम श्रेणी. नेमणूक जूनपासून. आईला लगेच सांग.

हे आनंदाचे पत्र व्हायचे होते. पण आज संयोजकांकडून अभिनंदन आले. त्यात लिहिले आहे, की मी श्राव्य पद्धतीची यशस्वी लाभार्थी आहे, आणि माहितीपत्रकावर माझे हेडफोन लावलेले छायाचित्र त्यांना हवे आहे. मी ऐकून उत्तीर्ण झाले नाही, ऐकवून झाले. कॅफेतल्या हेडफोनने मला ‘न्हाय कळलं’ असे एकदाही म्हटले नाही. गट ठरवणाऱ्या त्यांच्या अर्जात डोळे, कान आणि हात अशा तीनच चौकटी आहेत. चौथी घालावी, असे मी सविस्तर कळवले आहे. छायाचित्र देणार नाही. नाव या वेळी बरोबर छापले आहे, एवढेच.

नौशादभाईंशी बोलणे पुन्हा सुरू केले. आपण कोणत्या गटात बसू, असे त्यांनी विचारले. निजणाऱ्यांच्या, असे मी सांगितले. त्यांनी चहा पाजला.

लोभ दुणावला आहे, असे समज.
तुझी अक्का


पिंपळवंडी, २४ मार्च २००८

ती. अक्का हिस,
जयभीम.

निकाल त्याच दिवशी सांगितला. आई म्हणाली, ते मला ठावं व्हतं. पेढे मी वाटले.

आता घरी ये. पास झाल्यापासून तू फिरकली नाहीस आणि आई लई तापलीय. मला वाटलं, लेकीची आठवण येत असेल. तसं नाही. तिचं म्हणणं असं, की पोरगी पास झाली आन् मास्तर तसाच लटकत ऱ्हायला. धडा अर्ध्यात सोडायला तुला कुणी शिकवलं, हे तिनं मला विचारलंय. श्री. अ यांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, म्हणून ती माझ्याशीही बोलत नाही.

आईचा लोभ तूर्त बंद आहे. माझा घे.
राजरत्न


मंचर, ३० मार्च २००८

चि. राजरत्न यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

आईचा राग रास्त आहे. मी आजच कॅफेतून संयोजकांना विचारले. उत्तर असे, की श्री. अ काल्पनिक आहेत, आणि त्यांचे पुढे काय झाले हे अभ्यासक्रमात नाही. एका माणसाला निलंबित करायचे आणि मग तो नव्हताच म्हणायचे, याला हे लोक प्रशासन म्हणतात. हे उत्तर आईला सांगण्यात अर्थ नाही. ती काय म्हणेल, ते तुला आणि मला ठाऊक आहे.

येत्या रविवारी येते. चौकशी आपल्या ओट्यावर होईल, नियमाप्रमाणे. श्री. अ यांच्या जागी तू उभा राहा. लंकाबाई त्यांना ओळखतात, तेव्हा साक्षीला त्यांना बोलाव. निर्णय आई देईल.

तोवर तिला एवढे सांग, की मास्तरांची अर्धी भाकर चालू आहे.

तुझी अक्का,
कल्याणी