इस्त्री केलेलं कपाळ

२८ ऑक्टोबर २०१७, शनिवार. दारव्हा.
आजपासून राग बंद. कायमचा.
कारण गौरी. ती यवतमाळला ज्या स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते तिथे जाऊन आलो. निमित्त पिंपलचं. पिंपल नाही. तिने नाव लिहिता लिहिता वर पाहिलं आणि म्हणाली, "स्वानंद, तू आला की मले वाटते आता इथं कोणाशी तरी भांडण होते. तुह्या कपाळावर आठी कायमचीच बसली हाय."
कॉलेजात दोन वर्षं एकाच टेबलावर प्रॅक्टिकल केलं, तेव्हा कधी बोलली नाही. आज बोलली. म्हणजे कपाळाकडे पाहते.
घरी आरशात बघितलं. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा. शकुंतला रेल्वे बंद पडली तरी रूळ तसेच पडून आहेत, तशा.

२९ ऑक्टोबर
नंदकिशोरकाकांना सांगितलं की यापुढे मी चिडणार नाही. काका म्हणाले, "नको चिडू. पण आठी ठेव."
त्यांचा स्वार्थ आहे. कॉलेज सोडल्यापासून (मी सोडलं, सरांच्या टेबलाची काच फुटली हा वेगळा विषय) मी काकांसोबत बाजार समितीत कापूस बघतो. हर्रास, म्हणजे लिलाव, एखाद्या बैलबंडीपाशी आला की मी कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढतो. ओला असला, नाहीतर अळीने खाल्लेला असला, की कपाळावर आपोआप आठी पडते. काका कापसाकडे बघतच नाहीत. माझ्या कपाळाकडे बघतात आणि बोली थांबवतात. बाजूच्या व्यापाऱ्यांना अजून पत्ता नाही. यंदा बोंडअळीने निम्मा कापूस कवडी केलाय, त्यामुळे आठीला फार काम.
पण माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या धंद्यासाठी तोंड वाकडं ठेवायचं का?

४ नोव्हेंबर, शनिवार
डॉक्टर नागपूरहून शनिवारी येतात. म्हणाले, इंजेक्शनने स्नायू ढिला पडतो, आठी पडत नाही. त्यांच्या फ्रीजमध्ये दोन प्रकार आहेत. एक दोन-तीन दिवसांत लागतं, पण थोडं आजूबाजूला पसरतं. दुसऱ्याला आठवडा-दहा दिवस लागतात, पण टोचलं तिथेच राहतं. टिकतात दोन्ही सारखीच, तीन-चार महिने.
मग म्हणाले, "आणि तुला यातलं एकही नको. बावीस वर्षांच्या कपाळावर सुरकुत्या नसतात, राग असतो. तो सोड."
मी म्हटलं, सोडलाय. जरा मोठ्याने म्हटलं असेन. बाहेर बसलेल्या बायांनी आत डोकावून पाहिलं.
डॉक्टर म्हणाले, विचार करून ये.

७ नोव्हेंबर
विचार केला. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत एक गुळगुळीत बाई इंग्रजीत बोलते आणि कोणतंच नाव ठामपणे घेत नाही.
निर्णय: उशिरा लागणारं. पसरणारी गोष्ट मला आवडत नाही. प्रेमही एकाच जागी केलंय.
वाहिदच्या गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, "इंजिन गरम होऊन राह्यलं अन तू बोनेटले पॉलिश करून राह्यला." चिडलो. पण हे मोजायचं नाही. वाहिद पहिलीपासूनचा दोस्त, घरचा माणूस. संकल्प बाहेरच्यांसाठी आहे.
इंजेक्शनच्या खर्चासाठी मोटरसायकल त्यालाच विकली. त्याने कायले म्हणून विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

९ नोव्हेंबर
निर्णय बदलला. लवकर लागणारं. आयुष्य थोडं.

१० नोव्हेंबर
परत उशिराचं. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. हा शेवटचा.

११ नोव्हेंबर, शनिवार
गौरीलाच विचारलं. कोणतं घेऊ?
तिने पेन खाली ठेवला. "खरंच घेणार हायेस?" मी हो म्हटलं. बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग लवकर लागणारं घे. तीन डिसेंबरच्या आत झालं पाह्यजे."
तीन डिसेंबर काहून? तर म्हणे, "त्या दिवशी घरी ये. बाबाले भेटाले. पण शांत ये."
यापेक्षा स्पष्ट मुलगी काय बोलणार. मला आठवडाभर सुचत नव्हतं, तिने एका वाक्यात निवडून दिलं. तिलाही घाई आहे.
एसटीत जागा असून उभ्याने आलो.

१८ नोव्हेंबर, शनिवार
घेतलं. डॉक्टरांनी "तुझी मर्जी" म्हणून सही घेतली. टोचण्याआधी म्हणाले, चीड, स्नायू कुठे आहे ते दिसू दे. आयुष्यात पहिल्यांदा राग आला नाही. गौरी ट्रे धरून शेजारी उभी होती. डॉक्टर म्हणाले, कोणाला तरी आठव. प्रॅक्टिकलचे सर आठवले. लगेच आला.
भुवयांच्या मधे पाच ठिकाणी सुई. दुखलं नाही म्हणावं इतपत दुखलं.
चोळायचं नाही, आडवं व्हायचं नाही. दारव्ह्यापर्यंत परीक्षेला बसल्यासारखा ताठ आलो.

२० नोव्हेंबर
काही फरक नाही. फसवलं वाटतं. चिडलो नाही. म्हणजे तपासण्यासाठी चिडून पाहिलं, आठी पडली.

२२ नोव्हेंबर
लागलं. आठी पडत नाही. कपाळ इस्त्रीखालून काढल्यासारखं. आईने हात लावून ताप पाहिला.
मारोतरावांशी, म्हणजे गौरीच्या बाबांशी काय बोलायचं त्याची तयारी सुरू. पोस्टातले आहेत. थोडं हळू बोलावं लागेल.

२४ नोव्हेंबर
बाजारात गडबड झाली. एका बंडीत हात घातला, तळाला कापूस गार, पाणी मारलेला. मी आठी पाडली. म्हणजे आतून पाडली. काका माझ्याकडे बघत बोली वाढवत गेले. मी आणखी जोर लावला. काकांनी आणखी वाढवली. जिनिंगवाल्याने माल परत पाठवला.
काका म्हणाले, तू पाह्यलं नाही? म्हटलं, पाहिलं, आठी पण पाडली. काका म्हणाले, "कुठं?"
सगळं सांगावं लागलं. काका गाठोड्यावर बसले. मग म्हणाले, "तीन-चार महिने म्हणजे अख्खा मोसम झाला न बाबू." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हेंबर
तोडगा काढला. माल खराब असला की मी खोकायचं.

२७ नोव्हेंबर
तोडगा बंद. कापसाच्या धुळीने बाजारात सगळेच खोकतात, मीही खोकतो. काकांनी चांगल्या चांगल्या बंड्या सोडून दिल्या. आता ते स्वतः हात घालतात. त्यांचे हात संधिवाताचे, ओलं-कोरडं कळत नाही.

२९ नोव्हेंबर
एक चांगली गोष्ट. लोक मुद्दाम आमच्याकडे माल आणतात. तांड्यावरची सुखीबाई डोक्यावरचं गाठोडं माझ्यासमोर टाकून म्हणाली, "या पोराचं तोंड चांगलं हाय, इथंच मोजा." पूर्वी मला बघून रस्ता बदलायची.
व्यक्तिमत्त्वात फरक पडलाय. काकांना तो दिसत नाही, त्यांना फक्त भाव दिसतो.

३ डिसेंबर, रविवार
आकाशी शर्ट. पेढे. पहिली बस.
गौरीच्या दारापुढे कापडी मांडव होता. नुसत्या भेटीसाठी एवढा खर्च? मारोतरावांबद्दल आदर वाटला. ते दारातच भेटले. "तूच का स्वानंद? ये बाबू. गौरी म्हणे माह्या कॉलेजातलं एक शांत पोरगं येऊन राह्यलं." माझ्या हातात गुलाबपाण्याची झारी दिली. मला वाटलं पद्धत असेल. आलेल्यांवर शिंपडलं. समोर हार घातलेली खुर्ची होती, तिच्यावर बसलो.
कोणीतरी खांद्याला धरून उठवलं. खुर्ची क्षितिजची होती. क्षितिज वणीला बँकेत आहे. आज त्याचं आणि गौरीचं साक्षगंध होतं, साखरपुडा.
गौरी आतल्या दारात हिरव्या साडीत उभी होती. हळूच म्हणाली, "तुले सांगाची लय भीती वाटे. सरच्या टेबलाचं केलं तसं इथं करशील म्हणून. म्हटलं आधी तुहं कपाळ होऊन जाऊ दे."
मी न्हाणीत गेलो. दार लावलं. खुंटीवर छोटा आरसा होता. होता नव्हता तेवढा राग गोळा केला आणि भुवयांत आणला. आरशात एक समाधानी माणूस दिसला. नळ सोडून थोडा वेळ उभा राहिलो. बाहेरून कोणीतरी कडी वाजवली.
पुढचं थोडक्यात. क्षितिजचे वडील आहेर कमी पडला म्हणून तापले होते. मारोतरावांनी मला त्यांच्याजवळ बसवलं. ते माझ्या तोंडाकडे बघत बोलत राहिले आणि बोलता बोलता थंड झाले. म्हणाले, "पोरगं समजूतदार हाय, कोणाचं?" मारोतराव म्हणाले, "आपलंच समजा."
पंगतीत मी बुंदी वाढली. क्षितिजच्या पानात दोनदा. तो नको नको म्हणत होता.

४ डिसेंबर
काल राग आला होता का, ते आज नीट आठवत नाही. आलाच असणार.

१० डिसेंबर
वाहिदने विचारलं, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, "रड न मंग." प्रयत्न केला. तोंड तयार होत नाही. त्याने चहा सांगितला. माझी गाडी त्याने लाल रंगवून विकून टाकली आहे.

१८ फेब्रुवारी २०१८, रविवार
लग्न झालं. दारात झारी घेऊन मीच होतो. मारोतरावांनी आता हे काम मलाच लावून दिलंय. फोटोवाला म्हणाला, भाऊ, तुम्ही मधे या, तुमचा चेहरा प्रसन्न आहे.
अक्षता नेम धरून टाकल्या. लागल्या नाहीत.

५ मार्च, सोमवार
दाढी करताना दिसली. दोन रेघा. आधी फिक्या, मग भुवया ओढल्या तर पूर्ण.
काकांनी घरातूनच पाहिलं आणि चप्पल घातली. "चाल, मोसम संपाले आला."
सुखीबाईने शेवटच्या वेचणीचं गाठोडं आणलं होतं. हात घातला. कापूस कोरडा, ऊन लागलेला, पांढरा. तरी आठी आपोआप पडली. काकांनी बोली थांबवली. बाई म्हणाली, "आज काहून रागावला बापू?" मी म्हटलं, रागावलो नाही. खरंच नव्हतो. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या व्यापाऱ्याकडे गेली. काकांना काही सांगितलं नाही. ते खूश होते.
संध्याकाळी क्लिनिकला फोन केला. परत घ्यायचं आहे म्हटलं. आता तिथे दुसरी मुलगी बसते. तिने विचारलं, लवकर लागणारं पाहिजे की उशिरा?
म्हटलं, आता घाई नाही.