संगमनेरचं गिऱ्हाईक

मु. खोडद, ता. जुन्नर
शनिवार, ता. १८ जून १९५५

आदरणीय तय्यबभाई यांस,

सोपानचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही पोचावेत. इकडे सर्व खुशाल आहेत, आई सोडून. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. गेल्या आठवड्यात जुन्नरला तुमच्या घरी जाऊन आलो. कमरुद्दीनचाचांचा खोकला उतरला आहे. पुण्याच्या खाणावळीत तुम्ही पोटभर जेवता की नुसतं तसं लिहिता, असं जोहराबीचाचींनी विचारलं आहे. हा कागद चाचांच्याच हातकागदाच्या कारखान्यातला, तेव्हा शाई फुटली असेल तर दोष शाईचा समजावा.

आता मुलाखतीची हकीकत. तुमच्या शेतकी कॉलेजातून बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरात मुलाखत म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे ज्याला माहीत नसल्याचं माहीत नव्हतं त्याने, म्हणजे भिकामामांनी, माझी तयारी अंगावर घेतली. मामा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल. हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून सौदा पटवण्यात त्यांचा लौकिक मोठा. (एकदा त्यांनी इतक्या जोरात बोट दाबलं की घेणारा कळवळून 'हो' म्हणाला. मामा त्याला समजूत पटवणं म्हणतात.) त्यांच्या मते मुलाखत म्हणजे बाजारच, एकाला घ्यायचं असतं, एकाला खपायचं असतं. मग रोज गोठ्यासमोर तालीम. मामा साहेब होऊन बाजेवर बसत आणि मला अंगणातून फिरवत. "मान वर! पायात काटा घुसल्यावानी काय चालतुयास?" आई दारातून म्हणाली, "आरं भिका, पोरगं शिकाया चाललंय, औताला न्हाई." मामा म्हणाले, "आक्का, घेणारा आदी चालच बघतो," आणि त्यांनी माझे दातही तपासले. एखादी बारीक खोड आपणच सांगावी, म्हणजे मोठी कुणी शोधत नाही. दुसरं गिऱ्हाईक टपलंय म्हणावं, नसलं तरी. आणि पहिल्या बोलीला 'हो' म्हणालास तर मामाचं नाव लावू नकोस, अशी त्यांची शिकवण. "पाट फिरवायची न् चालू लागायचं. मागनं हाक येतीच, राव."

काल मुलाखत झाली. टेबलामागे दोन साहेब होते, एक चष्म्याचे आणि एक बिनचष्म्याचे. मी ऐटीत चालत गेलो (जरा जास्तच, कारण भिंत लागल्यावर परत यावं लागलं) आणि बसण्याआधीच सांगितलं, "दुपारी जेवलो की मला झोप येते." बिनचष्म्याचे म्हणाले, "आम्हालाही येते." मग त्यांनी बैलाचं वय कसं ओळखतात ते विचारलं. हा प्रश्न म्हणजे माझं आजोळच. मी दुधाच्या दातांपासून जुळलेल्या दातांपर्यंत सगळं बोललो. मधे बिनचष्म्याचे साहेब स्वतःचे दात जिभेने चाचपताना दिसले. कांद्याबटाट्याच्या प्रश्नांचंही बरं झालं. शेवटी चष्म्याचे साहेब हसून म्हणाले, "ठीक. तुम्हाला घेतलं. सोमवारी कचेरी बंद व्हायच्या आत नाव नोंदवा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल."

तय्यबभाई, इथे कुणीही शहाणा माणूस 'आभारी आहे' म्हणाला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "बघू, विचार करून कळवतो. संगमनेरहूनही विचारणा आहे." साहेब चमकले. "संगमनेरला शेतकी कॉलेज निघालं?" मी गूढ हसलो. (तेवढंच करण्याजोगं होतं.) "मग अवश्य विचार करा," असं म्हणून त्यांनी पुढच्याचं नाव पुकारलं. मी पाठ फिरवली. दाराशी टोपी पाडली, सावकाश उचलली, झटकली. हाक नाही. व्हरांड्यात उभा राहिलो, तर शिपाई म्हणाला, "पावणं, कुनाची वाट बघताय?" पेठ गेलं, मंचर गेलं, तरी एस.टी.च्या मागे कुणी हाक मारत येतंय का, हे मी बघत होतो. नारायणगावच्या स्टँडवर मामा हजर. सगळं ऐकून माझी पाठ थोपटली. "संगमनेर ऐकून सायेब हादरलं आसत्याल. आता आपुन हलायचं न्हाई." मी स्वतः पुण्याला परत आलो असतो, पण आपण होऊन परत गेलं की मालाचा भाव पडतो म्हणून मामांनी माझा एकुलता कोट पेटीत घालून किल्ली कमरेला लावली आहे.

बाकी पीकपाणी ठीक. चाचाचाचींची काळजी नसावी.

तुमचा,
सोपान

ता. क. १ : मामा शेजारीच बसून लिहायला सांगताहेत, की साहेब कुठे भेटले तर पोरगा तयार आहे असं चुकूनही बोलू नये. ताणून धरावं.

ता. क. २ : मामा बैलांना पाणी पाजायला गेले. सोमवारी कचेरी उघडताच साहेबांना गाठा. पोरगा तयार आहे, कधीचा तयार आहे, संगमनेरचं गिऱ्हाईक मोडलं, असं सांगून काय वाटेल ते करून माझं नाव घाला. म्हणूनच हे पत्र टपालात न टाकता मंचरच्या बटाट्याच्या ट्रकवाल्याहाती पाठवतो आहे.

ता. क. ३ : आत्ताच आई बोलली. म्हणाली, मामांना रात्री झोप नव्हती. हाक का आली नाही, एवढंच पुटपुटत होते. एकाही सोमवारी बेल्ह्याचा बाजार न चुकवलेला माणूस परवा तो सोडून पहिल्या एस.टी.ने पुण्याला निघतो आहे. माझा सौदा स्वतः पटवणार आहेत. तेव्हा कचेरीच्या आधी स्टँडवर जा. भिकामामांना ओळखणं सोपं आहे. खांद्यावर रुमाल असेल. साहेबांची बोटं तुमच्या हवाली.