श्रावण महिनाभर आधी आला त्याची हकीकत

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

तीर्थरूप शालिनीताईस धाकट्या श्रीपादचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर खरंच बंद केलीस, की नुसता डबा वरच्या फळीवर ठेवलास? आम्ही ठीक आहोत, म्हणजे तब्येतीने. बाकीचं सांगतो, पण आधी खाली बस.

आमच्या मैत्रेयीने (नोएडाला नोकरी लागल्यापासून तिला आईबापांची कीव येते) माझ्या कॉम्प्युटरवर एक नवीन ब्राउझर बसवून दिला. पूर्वी मी काही शोधायला गेलो की दहा पानं उघडायची, जाहिराती झटकायच्या आणि शेवटी आपण कशाला आलो होतो तेच विसरायचं. हे नवीन प्रकरण म्हणे सगळी पानं स्वतः वाचतं आणि आपल्याला दोन ओळींत उत्तर देतं. एवढंच नाही, सांगितलं तर बुकिंगसुद्धा करून टाकतं. मला ही पद्धत लगेच पटली, कारण सरकारी नोकरीत जन्मभर मी दुसऱ्यांनी वाचलेल्या फायलींच्या सारांशावरच सह्या करत आलो. म्हणूनच आईच्या वर्षश्राद्धाला येते असा तुझा फोन आला तेव्हा मी ऐटीत म्हणालो, कशाला दगदग करतेस, आता सगळं विचारलं की कळतं. त्या ऐटीची फळं आता भोगतो आहे.

श्रावण वद्य नवमी यंदा कधी, असं विचार, म्हणून मी मैत्रेयीला सांगितलं. वद्य म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं (चूक आपलीच, घरात कधी बोललोच नाही), तेव्हा कृष्ण पक्ष असं सांगून वेळ भागवली. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. वर त्याने गुरुजी हवेत का विचारलं आणि आम्ही हो म्हणताच गाझियाबादचे पंडितजी ठरवून टाकले. ते गंगाजलाच्या कावडी घेऊन निघालेल्या कावडियांच्या गर्दीत अडकून दुपारी पोचले. तोवर तुझी भावजय स्वरूपा उपाशीपोटी ओट्यापाशी उभी: खीर, वडे, गवार, आयएनए मार्केटमधून आणलेलं अळू, काही म्हणता काही सोडलं नाही तिने. गच्चीवर पान ठेवलं. कावळा आलाच नाही, माकड आलं. त्याने वडे खाल्ले, अळू हुंगून सोडलं आणि खिरीची वाटी खाली जॉइंट सेक्रेटरींच्या गाडीवर भिरकावली. पंडितजी म्हणाले, "शुभ है जी." मीही तसंच म्हणालो, दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर यतीनने (मंडळाचा सेक्रेटरी, मुलगा सज्जन आहे) कोंबडी-वड्यांचे फोटो टाकले. झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन श्रावणात, माझ्या आईच्या तिथीला कोंबडी! मी लांबलचक मजकूर लिहिला. दिल्लीच्या पाण्याने तुमची लाज गेली, तुमच्यापेक्षा इथले पंजाबी बरे, असं बरंच काही. मग यतीनचा फोन आला. फार हळू आवाजात म्हणाला, "काका, श्रावण लागायला अजून आठवडा आहे. आपला आखाड चालू आहे."

आता तुला सांगायला नको, पण मला ते तेव्हा यतीनकडून कळलं. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावणातला कृष्ण पक्ष आपल्या आषाढातच उरकतो. मी दिल्लीत बसून विचारलं म्हणून त्या ब्राउझरने दिल्लीचा श्रावण दिला, आणि पंडितजींना तो त्यांचाच असल्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मी त्याला जाब विचारला, तर म्हणतं कसं, आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व. इतक्या नम्रपणे चूक कबूल करणारा माणूस आमच्या खात्यात असता तर त्याची बदली झाली असती. फार थकलो, ताई. आईसाठी पहिल्यांदाच एकट्याने काही करायला गेलो आणि तेही तिच्या दिवशी झालं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

असो. खरी नवमी अजून पुढे आहे. ती आम्ही यथासांग करू. तू मात्र गुडघे सांभाळ, येण्याचा विचारही करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद

ता. क. : पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवतो आहे. तुझ्या निहारने तुझ्या फोनवरही तसलंच काहीतरी बसवलंय असं कळलं. त्याने माझं सगळं दुःख तुला दोन ओळींत सांगितलं असतं, आणि त्या दोन ओळी बरोबर असत्या.

ता. क. दुसरा : पानात आईच्या आवडीचं काय करायचं, असं स्वरूपाने मला विचारलं. मला सांगता आलं नाही. ब्राउझरला विचारलं तर म्हणालं, पुरणपोळी. पण तिला पुरणपोळी आवडायची का गं? मला आठवतं ते एवढंच, की मला जे आवडायचं ते ती करायची. तू ये. तिकीट काढून ठेवलं आहे, खालचा बर्थ आहे. तारीख बरोबर आहे ना, तेवढं तुझ्या पंचांगात बघून घे.