खिडकीतलं माप

हिंगोली,
२१ जानेवारी २००४

प्रिय नासेर,

सोमवारी सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं आणि परत न फिरता तसाच शिरड शहापूरला उतरलो. तू बहिणीकडे कळमनुरीला गेलेला. शाळेची तू बांधलेली वरची गॅलरी पहिल्यांदाच पाहिली. काम नेहमीसारखं सफाईदार. पण खाली टेकूला दिलेल्या बल्ल्या फार पुढेपर्यंत लावलेल्या. टेप धरला. मी नकाशात चार फूट काढलेली गॅलरी सहा फूट बाहेर आली होती. झाडणाऱ्या रुख्मिणीबाई म्हणाल्या, "काहून मोजून राहिले भाऊ? येत्या शनिवारी नासेरभाई बल्ल्या काढणार हाईत. सव्वीसला झेंड्यावर फुलं टाकाया लेकरं तिथंच उभी करायची हाईत." मला त्यांच्याकडे बघवेना.

तुझा दोष नाही. कागदावर पट्टी ठेवून माप घ्यायचं, हे तुला अब्बांनी शिकवलं. मी ट्रेसिंगवर शाईनं काढायचो तेव्हा ते बराबर उतरायचं. "पुजारीबुवा, तुमचा देव चुकंल, तुमचा कागद न्हाई," म्हणून तू मला चिडवायचास. आता कॉम्प्युटरवर इमारत खऱ्या मापाची काढतो आणि कागदावर एक चौकोनी खिडकी ठेवून तिच्यातून ती किती लहान दिसावी ते ठरवतो. त्या खिडकीला व्ह्यूपोर्ट म्हणतात. स्केल बसलं की तिला कुलूप घालायचं. नाहीतर माऊसचं चाक फिरलं तरी आतलं चित्र वाढतं, आणि खाली लिहिलेलं स्केल मात्र जुनंच राहतं.

माझ्या संगिताच्या सोयरिकीसाठी मी तांड्यावर गेलो होतो, तेव्हा हेच झालं. कागद रिकामा दिसतो म्हणून आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी कुलूप काढून चित्र फुगवलं. मापाचे आकडे चौकटीबाहेर जायला लागले, म्हणून ते बंद केले आणि प्रिंट तुला धाडली. सळई मात्र चार फुटांच्या हिशोबाचीच राहिली, बल्ल्यांशिवाय सहा फुटांचं वजन ती पेलणार नाही.

सोमवारीच दुपारी मी साहेबांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लोटून घेतलं, चहा मागवला. "प्रेमदास, गॅलरी मिस्त्रीनं वाढवली. असंच ना?" मी म्हणालो, कागद मी पाहिलाय. ते हसले. "तुमच्या पोरीचं लग्न काढलंय ना? मग डोक्याला ताप कशाला?" चहावर साय धरली तरी मला कप उचलवला नाही. जागेवर परत आलो, तर मशीनमधून गॅलरीची फाईल गेलेली होती. सगळे माना खाली घालून काम करत राहिले.

समोर येऊन सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, नाहीतर साहेबांच्या अंगावर धावून गेला असतास. म्हणून हे पत्र कळमनुरीच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडे देतोय. नासेर, शनिवारी त्या बल्ल्यांना हात लावू नकोस. साहेबांची माणसं येतील, गोड बोलतील, "आमी हाओत ना" म्हणतील. बल्ली निघाल्यावर जे होईल ते मात्र तुझ्या एकट्याच्या नावावर पडेल. फाईल गेली, आता बोलायला मीच उरलो. दोन दिवस घरात कोणाला काही न सांगता देवापुढे बसून राहिलो. आज दुपारी उठलो, मुख्याध्यापकांना आणि तहसीलला जे घडलं ते सगळं लिहून दिलं, आणि खाली सही केली.

तुझाच,
प्रेमदास